वो आयरन न

अरुणनं सकाळपासून कितव्यांदा तरी "वो आयरन न" म्हटलं, तेव्हा वासंतीनं आतल्या खोलीतून इस्त्री आणली आणि सरळ त्याच्या पुढ्यात टीपॉयवर ठेवली. "घ्या. ही तुमची आयरन." अरुणनं इस्त्रीकडे पाहिलं, तिच्या गुंडाळलेल्या वायरकडे पाहिलं, मग वासंतीकडे बघून तो हसला. दुसऱ्याच्या नावाचं बक्षीस चुकून आपल्या हातात आल्यावर माणूस हसतो, तसं. "शिएशिए," तो म्हणाला. शिएशिए म्हणजे थँक्यू, एवढं तिला आता कळायला लागलं होतं. मग त्यानं डावा हात इस्त्रीवर ठेवला, बहुधा तिला वाईट वाटू नये म्हणून, आणि काचेबाहेर लगूनच्या पाण्याकडे बघत बसला. वासंती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. तिला हसू येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं तिला एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं, आणि आता चमचाभर पाणी पाजलं तरी म्हणत होता. पाय चेपले तरी शिएशिए, चादर ओढली तरी शिएशिए. आजारपणानं माणूस गोड झालाय हो, असं ती पुण्याला नणंदेला फोनवर सांगायची, आणि सांगताना तिला खरंच बरं वाटायचं.

ईदच्या सुट्टीत झालं ते. दुपारी जेवून आडवा झालेला माणूस उठला तेव्हा त्याचा उजवा हात, उजवा पाय आणि मराठी, तिन्ही एकदम गेलेले होते. इंग्रजी गेलं, हिंदी गेली, आखातात जन्म घालवून जमवलेलं अरबी यल्ला-खलाससुद्धा गेलं. राहिलं ते चिनी. असं होतं कधीकधी मॅडम, हॉस्पिटलातला मलबारी डॉक्टर म्हणाला, घराला आग लागली की माणूस काय उचलून बाहेर पळेल ते सांगता येत नाही, कुणी दागिने उचलतो, कुणी उशी. मेंदूला मार लागलाय, माणसांची ओळखही मागेपुढे होईल, वेळ द्या. वेळ देण्याखेरीज वासंतीच्या हातात दुसरं होतं तरी काय. ती त्याला घेऊन शारजातल्या अल मजाजच्या घरी आली, आणि त्या दिवसापासून घरात ते शब्द फिरायला लागले. एसीच्या एकसुरी आवाजात मिसळून, हिवाळ्यातल्या मऊ उन्हात, दुपारच्या झोपेच्या काठावर ते कुठूनही उगवायचे. पडद्यामागून कुणी अनोळखी माणूस बोलतोय असं वाटायचं, आणि पडदा सारावा तर अरुणच असायचा.

त्याचं चिनी म्हणजे तरुणपणाचं खूळ. दिल्लीला शिकताना, क्रांती मुळातून वाचायची म्हणून तो आणि त्याच्यासारखी आणखी दोन-चार डोकी चिनीच्या वर्गात जाऊन बसली होती. बाकीची मुलं नट्यांचे फोटो जमवायची, यांना शेतकऱ्यांच्या सभांचे वृत्तांत पाठ. पुस्तकं थेट पेकिंगहून यायची. त्यांत 'ही माझी पेन्सिल आहे' वगैरे भानगड नव्हती, पहिल्या धड्यातच जमीनदार पळायचा आणि दुसऱ्या धड्यात गाव उठायचं, असं अरुण रंगवून सांगायचा. इकडे कुठलं गाव काही उठलं नाही. माओ गेला त्या वर्षी त्यांचं लग्न झालं, मग मिहिका झाली, मग पुण्यातली नोकरी पुरेना म्हणून तो दुबईला आला, रास अल खोरच्या एका होलसेल कंपनीत. नव्वद उलटल्यावर तिथं चिनी माल यायला लागला, आणि मालकाला अचानक आठवलं की आपल्या या हिशेबनीसाला चिनी येतं. ज्या भाषेत जग बदलायचं होतं त्या भाषेत अरुण कुलपांच्या आणि थर्मासांच्या ऑर्डरी देऊ लागला. कंपनीत त्याला चायनासाहेब म्हणायचे. पहिल्यांदा चीनला जाऊन आला तेव्हा त्यानं हसत हसत सांगितलं होतं, की तिथल्या एका पोरसवदा सेल्समनला आपण आदरानं 'थोंगच', म्हणजे कॉम्रेड, म्हटलं, तर सगळं ऑफिस खो खो हसलं. हल्ली तो शब्द तिकडे पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषाला वापरतात म्हणे. "ते म्हणाले, अंकल, तुम्ही आमच्या आजोबांच्या रेडिओसारखं बोलता." हे सांगून झाल्यावर तो बराच वेळ हसला, आणि मग जेवला नाही.

तोच रेडिओ आता घरात लागला होता आणि वासंतीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणून ती आपल्या कानाला जुळेल ते ऐकायची. तो "खायह्वे" म्हणायचा, तिला ऐकू यायचं खायला हवं, की ती लगबगीनं नाचणीची पेज घेऊन यायची. तो तोंड घट्ट मिटायचा, मान हलवायचा, पुन्हा रागानं "खायह्वे", आणि ही पुन्हा चमचा पुढे करायची. "फानशन" म्हटलं की ती सीलिंग फॅन लावायची. "कमिंग, कमिंग" म्हणायचा तेव्हा मिहिका दाराकडे बघायची. मिहिका शारजात लहानाची मोठी झालेली, आता अल कुसैसच्या एका ऑफिसात कामाला जाणारी, बापाशी ती मराठीत शेवटचं कधी बोलली असेल देव जाणे. "ही इज सेइंग कमिंग, आई. समवन इज कमिंग." "कोण कमिंग?" "हाऊ वुड आय नो? आस्क हिम." आणि 'वो आयरन न' तर सरळ हिंदीच होतं, मायलेकींनी खूशही होऊन घेतलं होतं, की चला, हिंदी परत यायला लागली. आयरनच्या गोळ्या मागत असतील, असंही मिहिकाचं म्हणणं पडलं. गोळ्या आणल्या. अरुणनं त्याही शिएशिए म्हणून घेतल्या.

शेवटी एका संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस लिम आल्या. मलेशियातल्या पेनांगच्या, नवरा बंदरात नोकरीला, स्वभावानं मोकळ्या, हातात संत्र्यांची पिशवी. वासंतीला इतके दिवस सुचलं कसं नाही कोण जाणे, की लिफ्टमध्ये रोज भेटणारी ही बाई चिनी आहे. अरुण त्यांना बघून उजळला. भडाभडा बोलला. मिसेस लिम ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या. "युअर हजबंड," त्या म्हणाल्या, "टॉक्स लाईक ओल्ड लाऊडस्पीकर." खायह्वे म्हणजे मीटिंग भरवा. लोक जमलेत, आणि मीटिंग सुरू का होत नाही म्हणून ते चिडलेत. कमिंग म्हणजे रेव्होल्यूशन. फानशन म्हणजे कुशीवर वळणं, आणि त्यांच्या भाषणांत त्याचा अर्थ असा की गरीब माणूस उताणा पडला होता तो आता वळला, उठला. वासंतीनं तोंडावर हात ठेवला. कुशीवर वळवा म्हणत होता बिचारा, आणि आपण पंखा लावत होतो. त्याच्या सभेच्या तोंडात आपण पेज कोंबत होतो. मिसेस लिम मात्र हसल्या नाहीत. त्या लहान असताना मलायात या शब्दांपायी माणसं पकडून नेत, त्यांच्या वडिलांनी घरातली अशी सगळी पुस्तकं चुलीत घातली होती. निघताना दारात वासंतीनं विचारलं, "अँड आयरन? व्हॉट इज आयरन?" मिसेस लिमनी चपलेत पाय सरकवायला जरा जास्तच वेळ लावला. "ही सेड दॅट?" "रोज म्हणतात." "सिक मॅन, डियर. डोन्ट माइंड." "पण अर्थ काय?" मिसेस लिमनी आवाज खाली आणला. "आऊटसाईड वुमन. मॅन हॅज वाईफ ॲट होम, अँड आऊटसाईड..." मग त्यांनी तिचा खांदा थोपटला आणि त्या आपल्या दारात शिरल्या.

वासंती घरात आली. अरुण बसल्या जागी डुलक्या घेत होता. तिनं त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसली, आणि पुसताना पहिल्यांदाच तिचा हात जरा जोरात फिरला. मग ती खिडकीशी बसून राहिली. लगूनच्या पाण्यात पलीकडच्या इमारतींचे दिवे लांबच लांब हलत होते, आणि तिच्या मनात मनोरमा चालत आली. दिल्लीच्या वर्गातली मनोरमा. लग्नाला आली होती, खादीची साडी, कपाळ मोकळं, जेवणाच्या पंक्तीत अरुणशी ती चिनीत काहीतरी बोलली होती आणि दोघं हसली होती, आणि अंगावर शालू सावरत वासंती त्या हसण्याकडे पाहुण्यासारखी बघत राहिली होती. नंतर मनोरमा कुठल्याशा खेड्यात काम करायला गेली, मग तिचं नाव घरात निघेनासं झालं. नाव निघालं नाही म्हणून वासंतीला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. आग लागली तेव्हा हा माणूस मुलीचं नाव टाकून पळाला, बायकोचं टाकून पळाला, आणि उचललं ते हे. म्हणजे एवढी वर्षं तो कुणाच्या घरात राहत होता? ती भाजी चिरायची, आणि मनोरमा ओट्यापाशी उभी असायची. ती अरुणला आंघोळ घालायची, आणि त्याच्या पाठीवरच्या जन्मखुणेलाही आपल्याआधी कुणी हात लावलाय की काय असं तिच्या मनात यायचं. तिची तिलाच लाज वाटे. पन्नाशी उलटलेल्या बाईनं पांगळ्या नवऱ्यापायी मत्सर करायचा, तोही एका शब्दावरून! पण मत्सराला वय समजत नाही. तो "वो आयरन न" म्हणाला की ती उत्तर न देता दुसऱ्या खोलीत जायची, आणि तिथं उभी राहून तो पुन्हा म्हणतो का ते ऐकायची. तो म्हणायचा, हळू, काकुळतीनं.

खात्री करून घ्यायचीच, असं तिनं ठरवलं ते खैरुद्दीनमुळे. खैरुद्दीन अरुणच्या कंपनीतला ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा, चायनासाहेबांसाठी दर आठवड्याला मासे घेऊन यायचा. "वहिनी, हट्टा रोडवर नवीन चिनी बाजार उघडलाय, आपल्या गोडाउनच्या पुढे," तो सांगत होता. "अख्खा चीन आणून टाकलाय. सुईपासून सोफ्यापर्यंत. अजगरासारखा लांब, एका टोकाला शिरलो की दुसऱ्या टोकाला निघेपर्यंत पाय खलास." वासंती म्हणाली, मला बाथरूममध्ये घालायला रबरी मॅट हवी आहे, न घसरणारी. शुक्रवारी मिहिका घरी होती. "जुम्मा पढून थेट आलो, वहिनी. यल्ला, निघूया, नाहीतर परतताना शारजाचा ट्रॅफिक आपली वाट लावेल."

बाजार खरंच संपत नव्हता. झुंबरं, झुंबरांनंतर नळ, नळांनंतर कृत्रिम फुलं, फुलांनंतर पुन्हा झुंबरं. खैरुद्दीन एका हार्डवेअरवाल्यापाशी रेंगाळला, आणि वासंती एकटीच पुढे चालत गेली. दोन्ही बाजूंना अरुणच्या तोंडची भाषा चालली होती. सगळी माणसं तिच्या नवऱ्यासारखी बोलत होती आणि कुणीच आजारी नव्हतं. तिला वाटलं, तो इथंच असणार कुठंतरी, धडधाकट, या गर्दीत एखाद्या दुकानापुढे उभा राहून दोन्ही हातांनी बोलत, शेजारी खादीची साडी. ती चालत राहिली. एका दुकानात मॅट दिसली म्हणून थांबली. दुकानाच्या मागच्या बाजूला खोक्यांच्या आडोशाला एक म्हातारी मांडीवर नातवंड घेऊन बसली होती, कापलेले पांढरे केस, पायांत कापडी बूट. शेजारच्या घडीच्या खुर्चीत एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता. "आओ दीदी, देखो, सस्ता," दुकान सांभाळणारी सून म्हणाली. दुबईत आल्यापासून तिनं एवढी हिंदी उचललेली दिसत होती. वासंतीनं मॅट घेतली, पैसे दिले, आणि तरी ती हलेना. "एक बात पूछूँ? चायनीज में... आयरन. आयरन क्या होता है?" सुनेला समजलं नाही. वासंतीनं अरुणसारखं सूर चढवून, तोडून म्हटलं, "आय-रन." खोक्यांमागची म्हातारी ते ऐकून खुदकन हसली. आणि हसत हसत तिनं शेजारच्या झोपलेल्या म्हाताऱ्याची बाही धरून ओढली. "वो आयरन," म्हणाली, आणि त्याच्या छातीवर बोट टेकवलं. म्हातारा दचकून जागा झाला, काय चाललंय ते त्यानं सुनेला विचारलं, मग ओशाळून हसला आणि त्यानं आपलं बोट म्हातारीकडे रोखलं. "वो आयरन."

वासंती मॅट छातीशी धरून उभी राहिली. पुण्यातली दोन खोल्यांची जागा, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, ती मेथी निवडत बसलेली आणि अरुण दारात उभा राहून भाषण ठोकत होता, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिकडे आता नवरा म्हणजे मालक नाही, तो सांगत होता, आणि बायको म्हणजे घरातली नाही. ते सगळे जुने शब्द टाकले त्यांनी. दोघांना एकच शब्द, जिवाचं माणूस. परदेशातले जुन्या वळणाचे चिनी त्याला अजून नाकं मुरडतात, त्यांना त्यात भलतंच दिसतं. तू मला तेच म्हणायचं, मी तुला तेच म्हणणार. "आणि सासूबाईंसमोर?" तिनं विचारलं होतं. तिला तर साधं अरुण म्हणता यायचं नाही, फार झालं तर अहो अरुण. पण तो चार दिवस खरंच म्हणाला होता, पाणी दे आयरन, दिवा लाव आयरन. मग त्याची आई राहायला आली, तो लाजला, आणि 'अगं' परत आलं ते कायमचं. शब्द तिचाच होता. दुसऱ्या कुणाचा नव्हताच. तिला त्या झुंबरांच्या आणि नळांच्या बाजारात मोठ्यानं रडावंसं वाटलं, म्हातारीच्या पाया पडावंसं वाटलं. मनोरमा, माफ कर गं बाई, ती मनात म्हणाली.

आनंदानं तिला राहवेना. "मेरा हजबंड भी बोलता है," तिनं सुनेला सांगितलं. "रोज बोलता है. वो आयरन न. ऐसा बोलता है." "वो आयरन न?" सुनेनं शेवटचा 'न' नीट उचलला आणि तिच्या भुवया वर गेल्या. "मीन्स, वो पूछता है. मेरा वाईफ किधर? मेरा वाईफ किधर गया?" तिनं ते म्हातारीला सांगितलं, आणि म्हातारी नातवंड सुनेच्या हातात देऊन तडक उठलीच. बिचारा नवरा गर्दीत हरवलाय आणि बायकोला शोधतोय, असा तिचा समज झाला होता. तिनं वासंतीचं मनगट धरलं, चल, शोधू. "नहीं नहीं," वासंती घाईनं म्हणाली, "वो घर पे है. बीमार है." सुनेनं भाषांतर केलं. म्हातारीनं काहीतरी विचारलं. सून म्हणाली, "और तुम? तुम भी घर पे?" "हाँ, मैं भी. मैं उसके पास ही रहती हूँ. सारा दिन." म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मनगट न सोडता, आणि हळू आवाजात एवढंच बोलली. सुनेनं ते सहज सांगून टाकलं, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं. "माँ पूछती है, तो फिर वो किससे पूछता है?"

परतीच्या वाटेवर खैरुद्दीन बाजाराबद्दल बोलत होता, नळांच्या क्वालिटीबद्दल, भारतीय दुकानदार आता काय करणार त्याबद्दल. वासंती हं हं म्हणत होती. शारजाच्या हद्दीपाशी गाड्या खोळंबल्या, आणि त्या थांबलेल्या गाडीत, धुळीतून तिरप्या आलेल्या उन्हात, तिला एकेक शिएशिए आठवायला लागलं. पाण्याचं, चादरीचं, पायांचं. ते सगळं तिनं जपून ठेवलं होतं, उतारवयात मिळालेलं देणं म्हणून. आपल्या बायकोला कोण असं उठताबसता थँक्यू म्हणतं? परक्या बाईला म्हणतात. आपल्यासाठी एवढं करणारी ही कोण कुठली भली बाई, तिला म्हणतात. आणि मग धीर गोळा करून तिलाच विचारतात, बाई गं, माझी बायको कुठे आहे, तुम्ही पाहिलीत का? त्यावर ती आत जाऊन इस्त्री आणते. "वहिनी, रडताय काय?" खैरुद्दीननं आरशातून विचारलं. "साहेब बरे होतील, इन्शाल्ला." ती म्हणाली, धूळ गेली रे डोळ्यांत, काच वर कर.

मिहिकानं दार उघडलं. "ही वॉज फाइन, आई. व्हेरी स्वीट." वासंतीनं तिला काही सांगितलं नाही, मॅट तिच्या हातात दिली आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. अरुण सोफ्याच्या मधोमध बसला होता. तिला बघून तो ओळखीचं हसला, दवाखान्यातल्या नेहमीच्या नर्सकडे बघून पेशंट हसतो, तेवढ्या ओळखीचं. याआधी तिला त्या हसण्यातलं हे कसं दिसलं नव्हतं? तिनं त्याच्यापुढे गुडघे टेकले. "अहो," ती म्हणाली, "मी." आणि मग छातीवर हात ठेवून, म्हातारीसारखं सूर लावून, "आयरन. मी. आयरन." अरुणनं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या पिकलेल्या केसांकडे, चष्म्याकडे, टेकलेल्या गुडघ्यांकडे. त्याच्या डोळ्यांत मोठी करुणा दाटून आली, आणि त्यानं अगदी अदबीनं मान हलवली, नाही. तुमची काहीतरी चूक होतेय. मग तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत, विश्वासातल्या माणसाला विचारावं तसं हळूच त्यानं विचारलं, "वो आयरन न?"

बाहेर लगूनवर दिवे लागायला लागले होते. वासंतीला त्या बाईचा हेवा वाटला, जिची हा माणूस एवढी वाट बघत होता, आणि तिची दयाही आली. मेथी निवडत बसलेली, आयरन म्हणायला लाजणारी, कुठे गेली होती ती? "बाहेर गेलीय," वासंती त्याला म्हणाली, आणि दाराकडे हात केला. "येईल एवढ्यात." त्याला शब्द कळले नसतील, हात कळला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. "शिएशिए," तो म्हणाला. ती सोफ्याचा हात धरून कशीबशी उठली, आणि उभ्याउभ्याच तिनं विचारलं, "ती येईपर्यंत मी इथं बसू का?"

अरुणनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि तिच्यासाठी जागा केली.